इंजिनचं हेड उतरवल्यावर गाडी मरगळली : ओबीडी स्कॅनरचा आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या उन्हाळ्यात साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात गाडी तापली. रेडिएटरचा खालचा होज फुटला होता आणि ते लक्षात येईपर्यंत हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं, म्हणजे हेडखालचं सील) गेलं होतं. गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटर, चार सिलिंडर, ९२ हजार किलोमीटर चाललेली. हेड उतरवलं, लेथवर फेसिंग करून आणलं, व्हॉल्व्ह लॅपिंग झालं, नवं गॅस्केट आणि टायमिंग चेन किट पडलं. बिल ३८ हजार.

गाडी हातात आली तेव्हा इंजिन गुळगुळीत चालत होतं, पण त्यात जीव नव्हता. कात्रजचा चढ पूर्वी तिसऱ्या गिअरवर आरामात निघायचा, आता दुसरा टाकावा लागे. ॲव्हरेज १६-१७ वरून ११.५ वर आलं. गॅरेजवाले म्हणाले, "साहेब, नवीन काम आहे. पाचशे-सहाशे किलोमीटर चालवा, गाडी बसेल." यात तथ्य आहे. बॅटरी काढली की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, शिकलेलं सगळं विसरतो आणि पहिले काही दिवस गाडी जराशी वेडीवाकडी वागते. पण हजार किलोमीटर झाले तरी फरक पडेना, तेव्हा मी ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर घेतला, म्हणजे ईसीयूमधले आकडे आणि दोष फोनवर दाखवणारा अडॅप्टर.

पहिला घेतला तो साडेचारशेचा, आणि पैसे वाया गेले. त्यावर आवृत्ती १.५ छापली होती. असे स्कॅनर ज्या चिपच्या नावाने विकले जातात ती ईएलएम३२७ ही मूळ चिप काढणाऱ्या कॅनडातल्या कंपनीने १.५ नावाची आवृत्ती कधी आणलीच नव्हती, हे मला नंतर कळलं. तो मध्येच तुटायचा, आकडे गोठायचे. दुसरा पंधराशेचा, तोच आजवर वापरतोय. आपल्याकडे एप्रिल २०१३ नंतरच्या बीएस-४ (प्रदूषणाचा निकष) गाड्यांना ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे दोष नोंदवण्याची पद्धत) आलं, त्यामुळे स्टीअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट होतंच. फोनवर कार स्कॅनर नावाचं ॲप टाकलं.

लावल्या लावल्या दोषाचे कोड शोधू नका, आधी उपकरण खरं बोलतंय का ते बघा. किल्ली ऑन, इंजिन बंद, अशा स्थितीत मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या नळीतला दाब, वाचलं. ९५ किलोपास्कल. पुण्याच्या उंचीवर हवेचा दाब एवढाच असतो. मुंबईत तो १०० च्या वर दिसतो, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. म्हणजे सेन्सर आणि अडॅप्टर दोन्ही ठीक. मग गाडी चालू करून गरम होऊ दिली आणि स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, आकडा बघितला : ३३. माझी रात्रीची झोप उडवणारी शंका म्हणजे टायमिंग चेन एखादा दात चुकवून बसवली असेल ही. तसं असतं तर इंजिनची ओढ कमी पडून हा आकडा बराच वर राहिला असता. तेवढं एक ओझं उतरलं.

पहिला दोष कूलंटच्या तापमानात सापडला. माझ्या गाडीत तापमानाचा काटाच नाही, थंड असताना निळा दिवा आणि तापली की लाल, बस. त्यामुळे मधलं काहीच दिसत नाही. सातारा रोडला ऐंशीच्या वेगाने जाताना ॲपवर ६३ अंश. पंधरा मिनिटांनी ६४. उभी केली तर ७५ पर्यंत चढायचं, निघालो की पुन्हा खाली. गॅरेजमध्ये विचारलं तर सरळ सांगितलं, थर्मोस्टॅटचा वॉल काढून टाकलाय, "म्हणजे परत तापणार नाही." आपल्याकडे ही पद्धत फार जुनी आहे आणि हेतू वाईट नसतो. पण वॉल नसला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं, ईसीयूला वाटतं इंजिन अजून गरम व्हायचंय, तो पेट्रोल जास्त देतो, ऑइल घट्टच राहतं. सातशे रुपयांचा, ८२ अंशांना उघडणारा नवा वॉल बसवला. त्यानंतर तापमान ८६ ते ९२ मध्ये राहू लागलं आणि ॲव्हरेज १४ वर आलं.

मी खूश झालो, पण पिकअप अर्धाच परत आला होता. त्यात चेक इंजिनचा दिवा लागला. कोड पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. गॅरेजने ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदलायला सांगितलं, ३,८०० गेले. आठवड्याने तोच कोड.

त्या रविवारी मी चारही प्लग काढले. चारही कोरडे, काळेकुट्ट, बोटाला काजळी लागत होती. कोड म्हणतो पेट्रोल कमी, प्लग म्हणतात पेट्रोल जास्त. दोन्ही खरं कसं असेल, यावर मी दोन दिवस विचार करत होतो. शेवटी वही घेऊन फ्युअल ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त देतोय ते आकडे, लिहून काढले, शॉर्ट (त्या क्षणाचा) आणि लाँग (शिकलेला) दोन्हींची बेरीज. स्लोवर +२२ टक्के. रेस देऊन २,५०० आरपीएमवर धरली तर +५. हा फरक महत्त्वाचा. इंधन पंप किंवा फिल्टर कमी पडत असता तर रेस दिल्यावर आकडा वाढला असता, इथे उतरत होता.

मग आठवलं, सकाळी थंड गाडी चालू केली की पहिले दोन मिनिटं टकटक आवाज येतो आणि गरम झाली की जातो. त्याला सगळे टॅपेटचा (व्हॉल्व्हकडच्या भागांचा) आवाज म्हणत होते. हेड काढायचं तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डही (सिलिंडरमधला धूर बाहेर नेणारा पाइप) काढावाच लागतो. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर सांध्याला साबणाचं पाणी लावलं आणि चालू केल्याबरोबर भावाने सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडकं क्षणभर दाबलं. दुसऱ्या सिलिंडरपाशी फेस फुगून बुडबुडे आले. मॅनिफोल्डचं जुनं गॅस्केट तसंच परत लावलं होतं. स्लोवर धुराचे धक्के सुटे सुटे येतात, त्यांच्या मधल्या ओढीने त्या फटीतून बाहेरची हवा आत जायची. पुढचा ऑक्सिजन सेन्सर ती हवा वाचायचा आणि ईसीयू आणखी पेट्रोल ओतायचा. बिचाऱ्या जुन्या सेन्सरचा काहीच दोष नव्हता.

नवं गॅस्केट, नवे नट, प्लग साफ, कोड पुसला. दोनशे किलोमीटरनंतर ट्रिम दोन्हीकडे ३ टक्क्यांच्या आत. ॲव्हरेज १६.५. कात्रज पुन्हा तिसऱ्यावर.

उपकरणाबद्दल तक्रारी आहेत. एबीएस आणि एअरबॅगचं काही दिसत नाही. एकदम सहा-सात आकडे लावले की वाचन मंदावतं, म्हणून मी एका वेळी तीनच ठेवतो. सॉकेटमध्ये तसाच राहिला तर बॅटरी खातो. आठ दिवस गाडी उभी होती, सकाळी स्टार्टर फिरेना. आणि पाय टाकताना गुडघा लागतो. गॅरेजला जाण्याआधी कोड पुसू नका, एवढं मात्र कळकळीने सांगतो. कोडबरोबर शिकलेले ट्रिमही जातात आणि मेकॅनिकला दाखवायला काही उरत नाही. स्क्रीनशॉट घेऊन जा. मी वहीतले आकडे दाखवले तेव्हा गॅरेजमधल्या मुख्य मिस्त्रींनी वाद घातला नाही, स्वतः वाकून बुडबुडे बघितले आणि गॅस्केटच्या कामाची मजुरी घेतली नाही.

मोठं काम झालेली गाडी असेल आणि काहीतरी खटकत असेल, तर पंधराशे रुपये जरूर घाला. पण काय काय उघडलं होतं त्याची यादी आधी गॅरेजमधून लिहून घ्या, शोध तिथूनच सुरू करा.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. दोन महिन्यांत कूलंटच्या डबीतली पातळी बोटभर उतरते. ते स्कॅनरला दिसत नाही. दर रविवारी सकाळी, गाडी चालू करण्याआधी, मी टॉर्च लावून डबीवर मार्करने रेघ मारतो.