युनिक्स टाइमस्टॅम्प की आयएसओ ८६०१? तारीख ठेवायची कशी

डेटाबेसमधे तारीख ठेवायचे दोन मेन प्रकार. एक म्हणजे युनिक्स (जुनी ऑपरेटिंग सिस्टीम) वाला नुसता आकडा, म्हणजे टाइमस्टॅम्प, १ जानेवारी १९७० च्या यूटीसी (जगाची प्रमाणवेळ) मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले तो, आणि दुसरा आयएसओ ८६०१ (१९८८ चं स्टँडर्ड), आधी वर्ष मग महिना मग दिवस, २०२३-११-१५ असं.

आकड्याचं सुख म्हणजे वजाबाकी केली की झालं, टाइमझोनची कटकट नाही. पण लॉगमधे (प्रोग्रॅम स्वतः लिहितो त्या नोंदींमधे) १७०००००००० दिसलं तर काय डोंबल कळणार? ते आपल्याकडचं १५ नोव्हेंबर २०२३, पहाटे ३:४३ आहे. जावास्क्रिप्ट तर सेकंद नाही, मिलिसेकंद मोजतं, म्हणून हाच आकडा तिथे तसाच टाकला की स्क्रीनवर २० जानेवारी १९७० येतं. मी अख्खी दुपार घालवलीये यात, आता १९७० दिसलं की आधी हजारने गुणून बघतो. जुन्या ३२ बिटवाल्या सिस्टीमचा आकडा १९ जानेवारी २०३८ ला संपतो ते वेगळंच.

आयएसओ वाचता येतं, शिवाय साधं टेक्स्ट म्हणून सॉर्ट केलं तरी क्रम बरोबर लागतो (ऑफसेट, म्हणजे यूटीसीपासूनचा फरक, सगळीकडे सेम हवा हां), आपलं १५/११/२०२३ तसं सॉर्ट करून बघा, नुसता गोंधळ. फक्त वेळही लिहिली तर शेवटचं +०५:३० (आपला ऑफसेट) विसरायचं नाही, नाहीतर कुठली वेळ ते कळत नाही.

माझं म्हणाल तर लॉगला आयएसओ, टोकन एक्स्पायरीला (लॉगिन कधी संपणार ते) आकडा. आणि जन्मतारखेला टाइमस्टॅम्प अजिबात नको, १५ ऑगस्टची आपली मध्यरात्र यूटीसीत १४ ची संध्याकाळ साडेसहा असते.