द चोझन अँड द ब्युटिफुल : खरिपात एकदा, हरभऱ्यात पुन्हा

न्गी व्हो यांची ही कादंबरी २०२१ची, 'द ग्रेट गॅट्सबी' या अमेरिकन कादंबरीचं पुनर्कथन. मूळ कादंबरी १९२५ची. अमेरिकेत तिचा कॉपीराइट १ जानेवारी २०२१ला सुटला आणि त्याच वर्षी हे पुस्तक आलं. कथानक जवळपास तेच : १९२२चा उन्हाळा, लाँग आयलंड, दारूबंदीतल्या ओल्या पार्ट्या. पण मुळात गोष्ट सांगणारा निक इथं ती सांगत नाही, गोल्फ खेळणारी जॉर्डन बेकर सांगते. शिवाय या जगात जादू चालते.

पहिलं वाचन पावसाळ्यात, घाईघाईत. दुसरं हरभऱ्याच्या ओलितावर. लाइन रात्रीची, स्प्रिंकलरचे पाइप एकदा मांडले की पुढच्या पाळीपर्यंत धुऱ्यावर बसून राहायचं. ई-रीडर याला बरा, उजेड अगदी कमी ठेवला की झालं. फक्त ओल्या हाताचा थेंब काचेवर पडला की पानं आपोआप उलटतात, आणि या पुस्तकात दोन पानं हुकली तर बाया चालताहेत की हवेत तरंगताहेत तेच समजत नाही. इंग्रजी नटवं आहे, डिक्शनरी लागतेच.

आमच्या शेतातून नदी ओलांडली की कौंडण्यपूर, रुक्मिणीचं माहेर. तिचं स्वयंवर कवी नरेंद्रानं तेराव्या शतकात लिहिलं, सोळाव्या शतकात एकनाथांनी पुन्हा लिहिलं. त्यामुळं 'जुनीच गोष्ट परत कशाला' हा आक्षेप मला पटत नाही. नवा सांगणारा कुठं हात घालतो, ते बघायचं.

व्हो यांनी हात घातलाय तो जॉर्डनच्या जन्मात. इथली जॉर्डन व्हिएतनाममधून आणलेली, श्रीमंत गोऱ्या घरात वाढलेली. मूळ कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात जॉर्डनची मैत्रीण डेझी, तिचा नवरा टॉम जेवणाच्या टेबलावर गोऱ्या वंशाचं कसं होणार म्हणून बडबडतो, आणि जॉर्डन तिथंच बसलेली असते. मुळात ती गोरी, म्हणून तो प्रसंग आपण टॉमचा मूर्खपणा म्हणून वाचून पुढे जातो. इथं त्याच टेबलावर तीच बडबड जिच्यासमोर चालते तिला देशाबाहेर घालवायचा कायदा घाटत असतो. पुस्तकातला मँचेस्टर कायदा काल्पनिक, पण आशियातून येणाऱ्यांना दार लावणारा कायदा अमेरिकेनं १९२४ला खरंच केला होता. हे वाचल्यावर मी मूळ प्रकरण पुन्हा काढलं. आता ते पहिल्यासारखं वाचता येत नाही.

जादू मात्र सगळी सारखी उतरलेली नाही. डेझीवर जीव असलेल्या, पार्ट्या देणाऱ्या गॅट्सबीनं नरकाशी सौदा केला, हे मला जास्तीचं वाटलं. त्याचा पैसा कुठून आला ही कुजबुज मुळात त्याच्याभोवती फिरत राहते, त्यातच त्याची गंमत. इथं सैतानाचं नाव आलं आणि कुजबुजीला जागाच उरली नाही. मधला भाग त्यामुळं रेंगाळतो, पार्टीवर पार्टी.

कागदाची जादू मात्र फक्कड. रुक्मिणीनं लग्नाआधी पत्र धाडलं आणि सुटली. डेझीला लग्नाच्या आदल्या दिवशी पत्र येतं आणि ती पिऊन पडते. इथं जॉर्डन कात्री घेऊन कागदाची डेझी कातरते आणि तिला त्या दिवसापुरती खरीच्या जागी उभी करते. हा प्रसंग मी एका रात्री शेजारच्या शेतातल्या काकाजींना सांगितला. त्यांनी विडी बाजूला धरून विचारलं, "मंग त्या कागदाच्या बाईशीच लगन काऊन नाई लावून देल्लं? खरी त मोकळी झाली असती!"

याला उत्तर नाही. लेखिकेच्या हातात एवढी जादू असूनही डेझीला टॉमशीच लग्न करावं लागतं, कारण १९२५ची कादंबरी तसं सांगते. पुनर्कथनाची खरी अडचण हीच, आणि पहिल्या वाचनात ती मला जाणवलीही नव्हती. निकच्या बाबतीत मात्र लेखिका हे बंधन हुशारीनं वापरते; कसं ते सांगत नाही, शेवट वाचा.

घ्यायचं असेल तर आधी गॅट्सबी वाचा, नऊच प्रकरणं आहेत. ते न वाचता हे हातात घेतलं तर अर्धा मजा जाईल. दारू आणि शरीरसंबंध मोकळेपणानं येतात, बायकांचं बायकांवरचं प्रेमही. शाळकरी पोरांसाठी नाही. माझ्याकडून पाचात चार, कापलेला एक त्या नरकाच्या सौद्यासाठी.