वाफवाहिनीतील तड्याचे गणित : एका आयुर्मान तपासणी सेवेचे परीक्षण

आमच्या साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पात ५४० अंश सेल्सिअसची वाफ वाहून नेणाऱ्या मेन स्टीम लाइनवर, पी-९१ या उच्च तापमानासाठीच्या क्रोमियमयुक्त पोलादाच्या एका वेल्डिंगच्या जोडात, अल्ट्रासोनिक तपासणीत तडा आढळला. तो जोड लगेच कापून काढायचा की येता गळीत हंगाम त्यावर काढायचा, हे ठरवण्यासाठी एका खासगी प्रयोगशाळेकडून तडावाढीचा अंदाज करून घेतला. त्या सेवेविषयी हे परीक्षण आहे.

क्रीपच्या, म्हणजे सततच्या ताणाखाली धातू हळूहळू ताणला जाण्याच्या, तापमानात चालणाऱ्या बॉयलरच्या भागांची १,००,००० तासांनंतर उर्वरित आयुर्मान तपासणी करणे भारतीय बॉयलर विनियमांनुसार आवश्यक असल्याने ही सेवा देणारे पुष्कळ आहेत. परंतु रेप्लिका (धातूच्या पृष्ठभागाचा सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा ठसा) घेऊन, काठिण्य आणि जाडी मोजून ठराविक वर्षांचा निर्वाळा देणे वेगळे आणि दिसलेला तडा किती वेगाने वाढेल हे सांगणे वेगळे. या प्रयोगशाळेने तो फरक पहिल्याच बैठकीत स्पष्ट केला.

त्यांच्या कामातील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे तापमानाविषयीचा आग्रह. आम्ही दिलेले नियंत्रण कक्षातील सरासरी आकडे त्यांनी तसेच न स्वीकारता, नळीच्या आतील ऑक्साइडच्या थराची जाडी मोजून धातूने प्रत्यक्षात सोसलेले तापमान पडताळले. हा आग्रह अगदी योग्य होता, कारण तापमान आणि टिकण्याचा काळ यांची सांगड घालणाऱ्या लार्सन-मिलर सूत्रात स्थिरांक २० धरला, तर ५४० अंशांवर १,००,००० तास टिकणारा भाग ५५० अंशांवर जेमतेम ५०,००० तास टिकतो. दहा अंशांची चूक अर्धे आयुष्य खाते, तेव्हा हा आकडा तपासल्याशिवाय पुढचे कोणतेही गणित विश्वासार्ह ठरू शकत नाही.

वाढीचा वेग त्यांनी सी-स्टार या राशीवरून काढला. तड्याच्या टोकापाशी क्रीपचा जोर किती आहे, हे ती सांगते. अचानक तुटण्याची शक्यता त्यांनी भंग-मूल्यांकन आलेखावर वेगळी तपासली आणि चालू-बंद होण्याच्या चक्रांमुळे होणारी थकव्याची वाढ, दर चक्रामागे तडा किती वाढतो हे सांगणाऱ्या पॅरिसच्या नियमाने, मिळवली. वीज केंद्रापेक्षा साखर कारखान्याचा बॉयलर पावसाळाभर थंड पडून असतो, हे ध्यानात घेऊन त्यांनी प्रत्येक हंगामाची सुरुवात आणि मधली बंदी यांची नोंदच मागून घेतली. अहवालात एकच उत्तर न देता वेगाची खालची, मधली आणि वरची अशी तीन मूल्ये दिली आहेत, आणि निर्णय वरच्या मूल्यावर घ्यावा असे स्पष्ट लिहिले आहे. माझ्या मते प्रामाणिक अहवाल असाच असतो.

त्रुटीही गंभीर आहेत. वेल्डिंगनंतर जोडात उरलेला ताण मोजला नाही, गृहीत धरला. लाइन टांगून धरणारे हँगर आणि आधार नीट भार घेतात की नाही, याची पाहणीही वरवरची झाली. पोलादाचा ताणघातांक (ताण वाढल्यावर क्रीपचा वेग किती झपाट्याने वाढतो ते दाखवणारा आकडा) ८ धरल्यास एकूण ताण दहा टक्क्यांनी वाढताच तड्याचा वेग दुपटीपुढे जातो, म्हणून ही सूट मला मान्य नाही. शिवाय रेप्लिका बाहेरच्या पृष्ठभागावरच घेतली होती. पी-९१च्या जोडात उष्णताबाधित पट्ट्याच्या बारीक कणांच्या भागात पडणारे, टाइप-चार म्हणून ओळखले जाणारे तडे बहुधा भिंतीच्या आत सुरू होतात, त्यामुळे स्वच्छ रेप्लिकेवरून निर्धास्त होता येत नाही. भिंतीच्या आतला तडा ध्वनिलहरींनी टिपणारी फेज्ड ॲरे तपासणी आम्ही मागितल्यावर झाली. ती मूळ कामातच असायला हवी होती.

दर इतरांपेक्षा चढा आहे आणि अहवालही उशिरा आला, तरीही तड्याचे गणित करून घ्यायचे असेल तर मी याच प्रयोगशाळेकडे जाईन. मात्र करार करताना हँगरची पाहणी, फेज्ड ॲरे तपासणी आणि हंगामाच्या मध्यावर त्याच जोडाची, त्याच उपकरणाने पुन्हा मोजणी या तीन बाबी दरपत्रकातच लिहून घ्याव्यात. दुसऱ्या मोजणीत तडा वरच्या मूल्यापेक्षा वेगाने वाढलेला दिसला, तर आमच्याकडे नवा तुकडा आणि जोडणीनंतरच्या उष्णतोपचाराची सोय आधीपासून तयार ठेवली आहे.