लेझर-ग्रेटिंग किट : ग्रेटिंग एक नंबर, डबल स्लिट मात्र बोगस

बारावीच्या वेव्ह ऑप्टिक्ससाठी (प्रकाशाला लाट मानून शिकवतात तो धडा) ऑनलाइन मागवलं हे किट. लाल लेझर, ५०० लाइन पर मिमीचं ग्रेटिंग (बारीक समांतर रेघांचा पारदर्शक तुकडा, प्रकाश ठराविक कोनांत फाकवतो), डबल स्लिटची म्हणजे जवळजवळच्या दोन बारीक फटींची पट्टी आणि एक प्लास्टिकचा स्टँड, जो डुगडुगतो, खाली पुठ्ठा घालावा लागतो. लेझरचं बटण दाबून धरावं लागतं म्हणून त्याला कपड्याचा चिमटा लावायचा, मस्त बसतो.

ग्रेटिंगबद्दल तक्रारच नाही. भिंत १ मीटरवर ठेवली की पहिला ठिपका मधल्या ठिपक्यापासून ३४ सेमीच्या आसपास पडतो, लेझरची वेव्हलेंग्थ (प्रकाशाच्या लाटेची लांबी) ६५० नॅनोमीटर धरून गणित केलं तरी तेवढंच येतं, आणि पोरं स्वतः फूटपट्टी लावून मोजतात तेव्हा फॉर्म्युला पाठ कर म्हणून सांगावं लागत नाही. हेच ग्रेटिंग डोळ्यासमोर धरून जुना सीएफएल बघायला सांगा, सुटे सुटे रंग दिसतात, आणि एलईडी बल्ब बघितला तर सलग पट्टा. सगळ्यात जास्त आरडाओरडा इथेच होतो.

आता डबल स्लिट. दोन फटींमधलं अंतर ना पट्टीवर लिहिलंय ना कागदावर, मग वेव्हलेंग्थ काढायची कशी? फटींच्या कडा पण फाटल्यासारख्या, फ्रिंज (उजेड-अंधाराचे पट्टे) पुसट येतात. तसं चांगल्या पट्टीतही अंतर ०.२५ मिमी असेल तर ३ मीटरवरच्या भिंतीवर फ्रिंजा एकमेकींपासून जेमतेम ८ मिमीवर येतात, पडदे ओढून लाइट घालवले तरी शेवटच्या बेंचला काय दिसणार!

त्यापेक्षा लेझरच्या तोंडावर एक केस ताणून चिकटवा. ७० मायक्रॉनचा केस असेल तर २ मीटरवर काळे पट्टे एकमेकांपासून जवळपास १.९ सेमीवर येतात, मागच्या बेंचलाही दिसतात, आणि उलट गणित करून केसाची जाडी निघते, मग कोणाचा केस जाड यावर भांडणं. डबल स्लिटचा प्रयोग ज्याच्या नावाने शिकवतात त्या थॉमस यंगने १८०३ मध्ये सूर्यप्रकाशाच्या तिरिपीत पातळ कार्डाची पट्टी धरूनच फ्रिंजा दाखवल्या होत्या, तिथे कुठे दोन फटी होत्या!

लेझरवर ५ मिलीवॅटपेक्षा कमी असं स्टिकर आहे, पण स्टिकरवर कोण विश्वास ठेवणार, लेझर पोरांच्या हातात देऊ नका आणि भिंतीवर चकचकीत काही असेल तर आधी काढा.

५ पैकी ३ स्टार, तेही ग्रेटिंगमुळे. नुसतं ग्रेटिंग सुटं मिळत असेल तर तेच घ्या, लेझर बाहेरून. पट्टी बदलून द्या म्हणून विक्रेत्याला मेसेज टाकलाय, अजून उत्तर नाही.