लॉक तोडण्याचे शास्त्र: इव्ह ऑनलाइनमधील ईसीएमचा आठ महिन्यांचा अनुभव

इव्ह ऑनलाइन हा २००३ साली सुरू झालेला अंतराळयुद्धाचा खेळ आहे. त्यात तोफा चालवायच्या असोत, शत्रूला पळून जाण्यापासून रोखायचे असो किंवा सोबत्याचे जहाज दुरुस्त करायचे असो, समोरचे जहाज आधी लॉक करावे लागते, म्हणजे सेन्सरने लक्ष्य म्हणून पकडावे लागते. हे लॉकच तोडणारे उपकरण म्हणजे ईसीएम (इलेक्ट्रॉनिक काउंटरमेझर्स) जॅमर. गेले आठ महिने मी फ्लीटमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या ताफ्यात, जवळजवळ फक्त हेच काम केले आहे. आधी ग्रिफिन या लहान फ्रिगेटमधून आणि नंतर ब्लॅकबर्ड या क्रूझरमधून.

जॅमर लागेल की नाही हे संभाव्यतेवर ठरते. जॅमरची ताकद भागिले समोरच्या जहाजाची सेन्सर स्ट्रेंथ (त्याच्या सेन्सरची मजबुती), इतके ते सोपे गणित आहे. ताकद ६ आणि सेन्सर स्ट्रेंथ १५ असेल तर यशाची शक्यता ४० टक्के असते. असे दोन जॅमर लावले की ती ६४ टक्क्यांवर जाते आणि तीन लावले की सुमारे ७८ टक्क्यांवर. मात्र कितीही जॅमर लावले तरी या वाटेने खात्री मिळत नाही, आणि हे मनापासून स्वीकारायला मला दोन महिने लागले. शिवाय खेळातील चार वंशांप्रमाणे सेन्सरचे चार प्रकार आहेत, आणि प्रत्येकासाठीच्या जॅमरचा रंग वेगळा: अमारचे रडार, मिनमॅटारचे लेडार, काल्डारीचे ग्रॅव्हिमेट्रिक आणि गॅलेंटेचे मॅग्नेटोमेट्रिक. एका प्रकारासाठी बनवलेला जॅमर दुसऱ्या प्रकारावर लावला तर त्याची ताकद सुमारे एक तृतीयांश उरते. त्यामुळे शत्रूच्या जहाजाचे नाव दिसताक्षणी त्याचा वंश आणि त्यावरून जॅमरचा रंग आठवणे ही या भूमिकेतील पहिली साधना आहे.

जॅमरचे एक चक्र २० सेकंदांचे असते. तो लागला तर शत्रू तेवढा वेळ आंधळा होतो. चुकला तर तेवढा वेळ आपलाच जॅमर अडकून पडतो. सुरुवातीला मी घाईने सगळे जॅमर एकाच जहाजावर सोडत असे. त्यातले दोन लागले तर दुसरा वाया जाई, आणि एकही न लागल्यास २० सेकंद हातात काहीच उरत नसे. आता मी एक लावतो, तो लागला का ते पाहतो आणि चुकला तरच पुढचा लावतो. एवढ्या एका सवयीने माझ्या उपयुक्ततेत जितका फरक पडला, तितका महागड्या मॉड्यूलनेही पडला नव्हता.

जॅम झालेल्या जहाजाला त्याला जॅम करणारे जहाज मात्र लॉक करता येते. हा नियम पूर्वी नव्हता. नंतरच्या बदलात तो आला आणि माझ्या मते तो न्याय्य आहे, कारण जॅम झालेल्या खेळाडूला हात बांधून बसण्यापलीकडे काहीतरी करता आले पाहिजे. पण याचा अर्थ असा की एकास एक लढतीत ईसीएम आपले रक्षण करत नाही, उलट शत्रूची सारी नजर आपल्यावर येते. ग्रिफिनचे कवच पातळ असते. तशी बरीच जहाजे मी केवळ जवळ राहिल्यामुळे गमावली. जॅमरच्या परिणामकारक पल्ल्याच्या टोकाशी राहणे आणि निसटण्याची दिशा आधीच धरून ठेवणे, हाच यावरचा खरा उपाय आहे.

कोणाला जॅम करायचे, हा मला सर्वांत समृद्ध वाटलेला भाग. तोफा चालवणाऱ्यापेक्षा दुरुस्ती करणारे लॉजिस्टिक्स जहाज निवडावे. अमारचे गार्डियन आणि काल्डारीचे बॅसिलिस्क ही अशी जहाजे एकमेकांना कॅपॅसिटर, म्हणजे साठवलेली ऊर्जा, पुरवत टिकून राहतात; त्यांतले एक आंधळे झाले की ही साखळी तुटते आणि त्याच्या जोडीदाराचीही ऊर्जा आटू लागते. २० सेकंद संपल्यावरही त्या पायलटला आपले सर्व सोबती पुन्हा लॉक करावे लागतात, म्हणून प्रत्यक्षातला विलंब त्याहून मोठा असतो आणि गोळीबार एकवटायला नेमका तोच वेळ हवा असतो. दुसरे मोलाचे लक्ष्य म्हणजे आपल्या सोबत्याचा वार्प (दूरवर वेगाने निघून जाणे) अडवून बसलेले जहाज. त्याचे लॉक तुटताच सोबती निसटू शकतो. वार्प रोखणाऱ्या बबलवर (एका ठरावीक क्षेत्रावर पसरणाऱ्या अडथळ्यावर) मात्र जॅमरचा काहीही परिणाम होत नाही, कारण त्याला लॉक लागतच नाही. आधीच सुटलेली क्षेपणास्त्रेही येऊन आदळतातच.

अधूनमधून मी सेन्सर डॅम्पनरही वापरून पाहिला. तो शत्रूचा लॉक करण्याचा पल्ला घटवतो. आपण त्या घटलेल्या पल्ल्याबाहेर असलो की लॉक तुटते आणि प्रभावी पल्ल्यात असेपर्यंत त्यात नशिबाचा भाग नसतो. एकाच जहाजावर अनेक डॅम्पनर लावले तर प्रत्येक पुढच्याचा परिणाम झपाट्याने कमी होतो, आणि शत्रू जवळ आला की सारेच निष्फळ ठरते. लहान तुकडीत, मोकळ्या जागेत मला डॅम्पनर अधिक विश्वासार्ह वाटला. दोन्ही बाजूंनी लॉजिस्टिक्स असलेल्या मोठ्या लढाईत मात्र मी आजही ब्लॅकबर्डच घेऊन जातो. त्यात एक पिवळा (रडारसाठीचा) आणि एक निळा (ग्रॅव्हिमेट्रिकसाठीचा) जॅमर नेहमी असतो, अनुक्रमे गार्डियनसाठी आणि बॅसिलिस्कसाठी. उरलेले जॅमर कोणते घ्यायचे, हे शत्रूचा फ्लीट कसा आहे याची खबर मिळाल्यावर मी बंदरातच ठरवतो.