थर्मलराइट पिअरलेस असॅसिन १२० एसई : विदर्भाच्या मे महिन्यात पुरेल का?

प्रोसेसरचा एअर कूलर घेताना खोक्यावर छापलेला वॅटचा आकडा सरळ बाजूला ठेवावा. प्रत्येक कंपनी तो आपल्या पद्धतीने ठरवते, त्यामुळे एकीचे २२० आणि दुसरीचे २६० यांची तुलनाच होत नाही. ठरावीक वॅटवर प्रोसेसर खोलीच्या तापमानापेक्षा किती अंश वर जातो, हे पाहायचं. परदेशी चाचण्या बहुधा २०-२५ अंशांच्या खोलीत होतात. तिथे २३ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ६५ वर थांबला असेल, तर नागपूर-अकोल्यात दुपारी ४० अंशांच्या खोलीत तोच ८२ च्या आसपास जाईल. खोली जितकी तापते, जवळजवळ तितकाच प्रोसेसरही वर सरकतो. लिक्विड कूलर घेतला तरी यातून सुटका नाही.

या हिशेबात थर्मलराइटचा एअर कूलर पिअरलेस असॅसिन १२० एसई फार चांगला उतरतो. धातूच्या पात्यांचे दोन टॉवर, उष्णता तिकडे नेणाऱ्या ६ मिमीच्या सहा नळ्या म्हणजे हीटपाइप, १२० मिमीचे दोन पंखे, कमाल वेग १५५० आरपीएम. नॉक्टुआचा एनएच-डी१५ त्याच्यापेक्षा थोडेच अंश पुढे आहे आणि किंमत मात्र दुपटीहून जास्त. नॉक्टुआला मिळणारी सहा वर्षांची वॉरंटी आणि नव्या सॉकेटचे (बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या खाचेचे) माउंटिंग किट या खऱ्या जमेच्या बाजू आहेत. एकच कूलर तीन-चार प्रोसेसरना वापरणाऱ्याने तो जरूर घ्यावा. बाकीच्यांनी तो फरक एसएसडीवर खर्च करावा.

उंची १५५ मिमी, ही आणखी एक मोठी सोय. एनएच-डी१५ ला १६५ मिमी लागतात, आणि स्वस्त मायक्रो-एटीएक्स कॅबिनेटमध्ये तेवढी जागा बहुधा नसते. पण पुढचा पंखा रॅमच्या वर येतो. उंच हीटसिंकची आरजीबी रॅम असेल तर तो पंखा वर सरकवावा लागतो, आणि जितका वर सरकवाल तितकी एकूण उंची वाढून काच बसत नाही. म्हणून कॅबिनेटची मर्यादा आणि रॅमची उंची दोन्ही आधी मोजा.

रायझन ५ ७६०० किंवा आय५-१२४०० प्रोसेसर असेल तर दोन टॉवरची गरजच नाही. ७६०० जास्तीत जास्त ८८ वॅट घेतो. चार हीटपाइपचा डीपकूल एके४०० त्याला पुरतो. सोबत मिळणारा रेथ स्टेल्थही चालतो, फक्त उन्हाळ्यात त्याचा आवाज सहन करावा लागतो. रायझन ७ ७८००एक्स३डी ला ८९ अंशांची मर्यादा आहे, तिथे पिअरलेस असॅसिन योग्य. आय७-१४७००के मात्र २५३ वॅटपर्यंत जातो. तासन्‌तास रेंडरिंग करायचं आणि खोलीत एसी नाही, तर कुठल्याही एअर कूलरकडून ही अपेक्षा ठेवू नका. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, वॅटची मर्यादा १८० च्या आसपास आणा.

रायझन ७९५०एक्स वर कूलर तपासताना एक घोटाळा हमखास होतो. हा प्रोसेसर पूर्ण भारावर ९५ अंशांपर्यंत जाईल असाच बनवला आहे. चांगला कूलर लावला तरी ९५ दिसतात, फरक पडतो तो क्लॉकमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या वेगात. तुलना करायची तर वॅट बांधून ठेवा, पंख्यांचा वेग बांधून ठेवा, आणि खोलीचं तापमान शेजारी लिहा.

बसवताना एएम५ (रायझन ७००० चं सॉकेट) बोर्डावरचे प्लास्टिकचे दोन कंस काढायचे; मागची प्लेट जागीच राहते. आधीच्या एएम४ सॉकेटवर मात्र कंस काढताच ती सुटून खाली पडते, तेव्हा मागून हात धरा. मग स्पेसर, आडव्या पट्ट्या, प्रोसेसरच्या मधोमध मटारभर थर्मल पेस्ट. कूलर ठेवण्याआधी तळाची पारदर्शक फिल्म काढली का, ते पुन्हा पाहा. दोन्ही स्क्रू आलटून पालटून, दोन-दोन फेरे देत आवळा. एक बाजू आधी पूर्ण आवळली तर तळ तिरपा बसतो आणि पेस्ट एका अंगाला जाते. पंख्याची जाळीची, म्हणजे मोटर धरणाऱ्या दांड्यांची बाजू कॅबिनेटच्या मागच्या दिशेला हवी. हवा तिथून बाहेर पडते.

सुरू केल्यावर काही काम नसतानाही ७० अंश आणि भार पडताच क्षणात ९५ दिसले, तर कूलरला दोष देण्याआधी तो उतरवून पेस्टचा ठसा पाहा. फिल्म राहिलेली असते किंवा एक कोपरा कोरडा असतो. तापमान ठीक असून पंखा सारखा वर-खाली घुमत असेल, तर फॅन कर्व्हमध्ये (तापमानानुसार पंख्याचा वेग ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) ६० अंशांपर्यंत वेग सपाट ठेवा आणि प्रतिसादाला दोन-तीन सेकंदांचा उशीर द्या.

टॉवरच्या पात्यांमध्ये धूळ साचते ती पंख्यामागे, बाहेरून दिसत नाही. तारेच्या क्लिपा काढून पंखे उतरवा आणि ब्रशने झाडा; ब्लोअर वापरलात तर पंख्याची पाती बोटाने अडवून धरा. एएम४ वरून कूलर काढायचा असेल तर आधी मशीन थोडा वेळ चालवून पेस्ट गरम होऊ द्या आणि कूलर हलका फिरवून सोडवा. थेट वर ओढलात तर प्रोसेसर पिनांसकट सॉकेटमधून उपटून येतो. मशीन कुरिअरने पाठवायचं असेल तेव्हा हा कूलर नेहमी वेगळा काढूनच पाठवावा.