जुन्या डॉस पीसीसाठी थ्रीकॉमचं ३सी५०९बी नेटवर्क कार्ड : दोन महिने वापरल्यावर

भोसरी एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये मी मेन्टेनन्स बघतो. आमच्याकडे एक जुनं व्हीएमसी, म्हणजे प्रोग्रामवर चालणारं उभं मिलिंग मशीन आहे. मशीन अजून मायक्रॉनमध्ये काम देतं, पण त्याच्या कंट्रोलरची मेमरी इतकी तोकडी की मोल्डच्या फिनिशिंगचा प्रोग्राम तिच्यात मावतच नाही. म्हणून शेजारच्या पीसीवरून सिरीयल केबलनं तो थोडा थोडा सोडावा लागतो. हा पीसी म्हणजे पेंटियम १३३, त्यावर डॉस ६.२२, ही मायक्रोसॉफ्टची जुनी ऑपरेटिंग सिस्टिम. सॉफ्टवेअर डॉसवरच चालतं आणि त्याचा डाँगल (परवान्याची चावी) पॅरलल पोर्टला लागतो, त्यामुळे "पीसीच बदलून टाका" हा सल्ला आमच्या उपयोगाचा नाही.

अडचण होती प्रोग्राम त्या पीसीपर्यंत न्यायची. चार-पाच एमबीचा प्रोग्राम, फ्लॉपीत जागा १.४४ एमबी. तुकडे करून न्यायचे, आणि तिसरी फ्लॉपी वाचली नाही की रात्रपाळी बसून. फ्लॉपीच्या जागी पेनड्राइव्ह लावायचा इम्युलेटर मिळतो, पण तुकडे करणं त्यानंही चुकत नाही. म्हणून नेटवर्क कार्ड.

आधी एक बिननावाचं आयसा कार्ड, म्हणजे मदरबोर्डच्या जुन्या आयसा स्लॉटात बसणारं, आणलं होतं. चिप रिअलटेकची आरटीएल८०१९एएस, म्हणजे एनई२००० या जुन्या कार्डाच्या जातीचं. या जातीत आयआरक्यू ३ (कार्डानं प्रोसेसरला हाक मारायची, म्हणजे इंटरप्टची लाइन) आणि पत्ता ३०० हेक्स (प्रोसेसर कार्डाशी बोलतो तो क्रमांक) ही जुनी ठरलेली जोडी असते. कॉम-२ हा दुसरा सिरीयल पोर्ट सुद्धा आयआरक्यू ३ वरच, आणि आमच्या मशीनची केबल कॉम-२ ला. आयसा बसवर दोन कार्डांना एक इंटरप्ट वाटून घेता येत नाही. कार्ड बसवलं त्याच दिवशी प्रोग्राम मधेच थांबला, कटर जॉबवर तसाच फिरत राहिला आणि जॉबवर खूण उमटली. तो जॉब पुन्हा करावा लागला, आणि ते मला फार लागलं. सेटिंग बदलून आयआरक्यू १० केला, तर पीसी बंद करून चालू केल्यावर परत ३. त्या नगाचा ईईप्रॉमच (वीज गेली तरी सेटिंग जपणारी चिप) गेलेला असावा. एनई२००० च्या ड्रायव्हरला आयआरक्यू आणि पत्ता आपण हातानं सांगायचा असतो. आयआरक्यू चुकीचा सांगितला तरी तो मुकाट लोड होतो, फक्त एकही पॅकेट आत येत नाही. दोष कार्डात आहे, केबलमध्ये आहे की आपल्या आकड्यात, हे शोधण्यात माझे दोन रविवार गेले.

मग पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, ३सी५०९बी मिळालं, सहाशे रुपयांना. नावापुढे टीपीओ असलेला प्रकार, म्हणजे मागे फक्त आरजे-४५ चं एकच तोंड. कॉम्बो प्रकाराला जुन्या कोॲक्सची बीएनसी आणि एयूआय ही तोंडंही असतात, आम्हाला ती नको होती. "काका, ड्रायव्हरची डिस्क?" असं विचारलं तर म्हणाले, "कार्ड चालू आहे एवढं छातीठोक सांगतो. डिस्क तुमची तुम्ही शोधा." कार्ड खरंच चालू निघालं.

डिस्क शोधणं हे या खरेदीतलं खरं काम. इथरनेट जन्माला घालणाऱ्यांपैकी एक रॉबर्ट मेटकाफ, त्यांनी १९७९ मध्ये सहकाऱ्यांसोबत थ्रीकॉम काढली, आणि २०१० मध्ये ती एचपीकडे गेली. आता त्या नावाच्या दारात ड्रायव्हर मागायला जाता येत नाही. जुनी सॉफ्टवेअरं जतन करून ठेवणाऱ्या संग्रहांत इथरडिस्कची, म्हणजे थ्रीकॉमच्या ड्रायव्हरच्या डिस्कची, प्रत सापडली, आणि शेवटच्या चांगल्या फ्लॉपीवरून ती पीसीत गेली.

त्या डिस्कवरची ३सी५एक्स९सीएफजी ही फाइल म्हणजे या कार्डाचा जीव. कार्डावर एकही जंपर नाही, सगळं या प्रोग्राममधून ठरतं आणि कार्डातल्याच ईईप्रॉममध्ये लिहिलं जातं. डॉससाठी मी प्लग अँड प्ले (सेटिंग आपोआप ठरवायची सोय) बंद केलं, पत्ता ३०० ठेवला, आयआरक्यू १०. पीसी पूर्ण बंद करून पुन्हा चालू केला. सेटिंग जसंच्या तसं! त्याच प्रोग्राममध्ये कार्डाची तपासणीही आहे, ती पास झाली की कार्डावर संशय घ्यायचं कारण उरत नाही. आधीच्या दोन रविवारांनंतर या एका स्क्रीनचं मोल मला कळलं.

ज्यांचा मदरबोर्ड पेंटियमच्या काळातला आहे त्यांनी एक गोष्ट आधीच करावी. बायॉसमध्ये (पीसी चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) पीएनपी/पीसीआयच्या पानावर आयआरक्यू १० पुढे 'लेगसी आयसा' निवडावं. नाहीतर डिस्प्ले कार्डासारखं एखादं पीसीआय (आयसानंतरच्या नव्या स्लॉटातलं) कार्ड तो इंटरप्ट आधीच पटकावतं. या कार्डाला डीएमए चॅनल (प्रोसेसरला वगळून मेमरीशी थेट बोलायचा रस्ता) लागत नाही आणि मेमरीचा तुकडाही अडवावा लागत नाही. पत्ता आणि इंटरप्ट एवढ्याच दोन गोष्टी सांभाळायच्या.

ड्रायव्हर म्हणून मी पॅकेट ड्रायव्हर घेतला, ३सी५एक्स९पीडी. त्याला फक्त सॉफ्टवेअर इंटरप्ट (बाकीचे प्रोग्राम त्याला ज्या क्रमांकानं हाक मारतात तो) सांगायचा, ६० हेक्स; कार्ड तो स्वतः हुडकतो. मायक्रोसॉफ्टचा डॉससाठीचा नेटवर्क क्लायंट ६४० केबीतली बरीच जागा खातो आणि आमच्या सॉफ्टवेअरला ती हवी असते. पॅकेट ड्रायव्हर काही केबीतच भागवतो. त्यावर मायकल ब्रुटमन यांचा एमटीसीपी, म्हणजे डॉससाठीच्या नेटवर्क प्रोग्रामांचा संच, बसवला. अगदी पहिल्या आयबीएम पीसीवरही चालेल असं हे लिहिलंय, आणि फुकट आहे. एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये पॅकेट इंटरप्ट आणि पीसीचं नाव लिहायचं, एमटीसीपीसीएफजी या व्हेरिएबलमध्ये त्या फाइलचा रस्ता द्यायचा, आणि डीएचसीपी चालवायचं, ते पीसीला नेटवर्कचा पत्ता आपोआप मिळवून देतं. तो पत्ता आला तेव्हा आमचा ऑपरेटर मागे उभा होता. "सर, म्हणजे आता फ्लॉपी बंद?" बंद.

ऑफिसच्या पीसीवर एफटीपी (फाइल देवाणघेवाणीचा) सर्व्हर आहे, तिथून फाइल ओढायची. पाच एमबीचा प्रोग्राम चहाचा घोट घेईपर्यंत येतो. तुलनेला सांगतो, ९६०० बॉडच्या सिरीयलवर सेकंदाला ९६० अक्षरं जातात, म्हणजे एका एमबीला अठरा मिनिटं. एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो, म्हणून हे सगळं मी इंटरनेटपासून तोडलेल्या वेगळ्या जाळ्यात ठेवलंय.

प्रोग्राम मशीनला सोडताना मात्र ड्रायव्हर लोड नसलेलाच बरा. नेटवर्कवरचं प्रत्येक ब्रॉडकास्ट (सगळ्यांसाठी सोडलेलं) पॅकेट प्रोसेसरला उठवतं, आणि सिरीयलचं एखादं अक्षर हुकलं तर काय होतं ते मी पाहिलंय. डॉस ६ च्या कॉन्फिग फाइलमध्ये सुरुवातीचा मेनू करता येतो. त्यात दोनच ओळी ठेवल्यात, 'फाइल आणा' आणि 'मशीन चालवा'. पहिल्या ओळीत ड्रायव्हर येतो, दुसरीत नाही. रीस्टार्टला मिनिट जातं, पण रात्री निश्चिंत झोप लागते.

उणी बाजू एकच, आणि ती कार्डाच्या वयाची आहे. वेग १० मेगाबिट. साध्या गिगाबिट स्विचनं ते लगेच ओळखलं, पण ऑफिसात आलेल्या २.५ गिगाबिटच्या स्विचला लावल्यावर दिवा लागलाच नाही. असे बरेच स्विच १० मेगाबिटपर्यंत खाली उतरतच नाहीत. मधे जुना १०/१०० चा स्विच टाकला आणि काम झालं.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कापला तो डिस्कच्या शोधाशोधीसाठी. कार्ड आपलं सेटिंग विसरत नाही, पण मदरबोर्डचा सेल संपला की बायॉसमधलं आयआरक्यूचं राखीवपण जातं. गेल्या आठवड्यात नेमकं तेच झालं, पण पाच मिनिटांत सावरलं. पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला आता एक पाकीट चिकटवलंय. त्यात इथरडिस्कची सीडी, एक नवा सेल आणि कागदावर लिहिलेलं : पत्ता ३००, आयआरक्यू १०, प्लग अँड प्ले बंद, बायॉसमध्ये लेगसी आयसा.